कापडाच्या ओळीतल्या पेट्या

तिवाने पहिला प्रोग्राम लिहिला, दुकानातल्या मालाचा हिशेब ठेवणारा, तो सीडीच्या चकतीवर घालून विकला. आठवडाही झाला नसेल, आमच्या कुमासीतल्या आदुमच्या फुटपाथवर त्या चकतीच्या नकला तळलेल्या केळ्यांच्या शेजारी मांडलेल्या दिसल्या. तिने एक उचलून पाहिली तर विकणारी बाई म्हणाली, "घे गं पोरी, अस्सल आहे. इथल्याच कुणा हुशार मुलीने केलंय म्हणतात." तिवा घरी येऊन हे सांगताना खूप हसली आणि मग जेवायला बसलीच नाही.

मी तिचा मामा. आमच्यात भाचीच्या बाबतीत शेवटचा शब्द मामाचा. बापाला कुणी विचारत नाही. मला हा मान कधी पेलला नाही. विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी जन्मभर पुस्तकांवर आकडे लिहिले, ती जागच्या जागी लावली, आणि कुणी मोठ्याने बोललं तर त्याच्याकडे नुसतं पाहिलं. गप्प बसा असं म्हणायची हिंमत झाली नाही. निवृत्त झाल्यावर पुढची खोली मी तिवाला आणि तिच्या दोन सोबत्यांना कामासाठी दिली. एवढाच काय तो माझा या धंद्यातला वाटा. तो सांगण्याजोगा आहे का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

"मामा," दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आपल्याकडे लोक हवेला पैसे देत नाहीत. वस्तू हातात धरता आली पाहिजे, ठोकून बघता आली पाहिजे. नाहीतर ती फुकटच."

"पुस्तकातला मजकूरही तशी हवाच," मी म्हणालो. "पण त्याला पुठ्ठा असतो."

काहीतरी बोलायचं म्हणून मी बोललो होतो. ती मात्र उठली आणि तडक सुआमे मॅगझिन या कारागिरांच्या वस्तीत गेली, जिथे मोटारीच्या सांगाड्यापासून तव्यापर्यंत सगळं ठोकून मिळतं. मलाही बरोबर नेलं. तिथला बाफो मिस्त्री तिच्या ओळखीचा. त्याच्या स्वतःच्या म्हणण्याप्रमाणे त्याच्यासारखा वेल्डर इथून समुद्रापर्यंत दुसरा नाही.

"पेटी कशाला हवी?" बाफोने विचारलं.

"प्रोग्राम ठेवायला."

"तो खातो काय?"

"वीज."

"मग मरेल उपाशी," बाफो म्हणाला. "वीज आहे कुठं?"

खरंच नव्हती. त्या दोन-तीन वर्षांत वीज आमच्याकडे जावयासारखी यायची. कधी येईल आणि कशावरून रुसून जाईल, सांगता येत नसे. परदेशातून आलेली यंत्रं दुकानादुकानांत काळं तोंड करून बसलेली असत. बाफोने पेटीच्या बुडाशी जुन्या टॅक्सीची बॅटरी बसवली. वर तिवाने छोटा संगणक आणि बोटाने दाबायचा पडदा घातला. झाकणाला कुलूप. बाजूला हिरवा दिवा, कारण बाफो म्हणाला, दिवा नसलेली वस्तू लोक मेलेली समजतात.

ही पेटी नकला करणाऱ्यांना करता येईना, कारण प्रोग्राम लोखंडाबाहेर निघत नसे. पहिलंच गिऱ्हाईक असाफोच्या बाजारातली चिंध्या-कापडं विकणारी बाई. तिने पेटी दोन्ही हातांनी उचलली, कंबरेवर घेतली, पुन्हा खाली ठेवली आणि म्हणाली, "जड आहे. म्हणजे चांगली आहे." ज्या बँकेने प्रोग्राम तारण ठेवायचा म्हटल्यावर तिवाला अत्यंत नम्रपणे चहा पाजून परत पाठवलं होतं, तिच्याच साहेबाने पेट्या मोजल्या, एकीवर टिचकी मारली आणि कर्जाच्या कागदावर सही केली. तारण दिसत होतं ना!

आमच्या बाजारात भाव ठरला, हात मिळाले, तरी सौदा संपत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "आणि वरचं?" तांदूळवाली वर एक मूठ टाकते, कापडवाली वीतभर जास्त फाडते. वरचं न देणाऱ्याकडे माणूस दुसऱ्यांदा जात नाही. पेटी घेतानाही बायका वरचं मागू लागल्या, आणि पेटीत मूठभर जास्त काय टाकणार? तिवा विचारी, "काय देऊ?" एकीला वाचता येत नव्हतं, तिला पेटीने आपल्या भाषेत बोलून शिल्लक सांगायला हवी होती. दुसरीला उलटं हवं होतं: समोर गिऱ्हाईक असताना पेटीने शिल्लक कमी करून सांगावी. "म्हणजे 'शेवटचे दोनच उरलेत' हे खोटं मी बोलत नाही, पेटी बोलते. देवासमोर मी मोकळी." तिसरीला ताग्यांच्या उरलेल्या तुकड्यांचा वेगळा कप्पा हवा होता, कारण तुकडे हेच तिचं दुकान होतं. एकीने तर सांगितलं की रविवारी पेटी उघडूच नये. तिचा नवरा चर्चला जातो असं सांगून दुकानात शिरतो.

तिवा कुरकुरत का होईना, प्रत्येकीला वरचं द्यायची. ते पुढच्या पेटीत आपोआप आलेलं असायचं, आणि पुढची बाई त्याच्याही वर काही मागायची.

"मामा, प्रोग्राम मी लिहीत नाही हो," ती एकदा म्हणाली. "बाजार सांगतो, मी टाइप करते."

मला ते वाक्य फार आवडलं. मी ते लिहून ठेवणार होतो, पण तिला काय वाटेल म्हणून ठेवलं नाही.

तरी हे सगळं कडेकडेच्या दुकानांत चाललं होतं. तिघांचं पोट भरेल एवढाच धंदा. खरा उभा राहायचा तर केजेटियाच्या मोठ्या बाजारातली कापडाची ओळ हवी होती. त्या ओळीत जे येतं ते महिन्याभरात साऱ्या कुमासीत जातं, आणि ओळीत काय यावं हे एकच बाई ठरवते: ओळीची राणी, बिरागो. त्याच सुमारास राजधानीहून, अक्राहून, लान्ते नावाचा एक तरुण आला, एका परदेशी कंपनीचा माणूस. त्याच्याकडे पाटीसारखे पातळ, चकचकीत टॅब होते आणि ते तो फुकट वाटणार होता. मुलगा वाईट नव्हता. तिवाची पेटी त्याने उघडून पाहिली, बराच वेळ पाहिली, आणि तिथल्या तिथे म्हणाला, "तू आमच्याकडे ये. अक्राला. पगार ऐकलास तर बसशील खाली."

पगार तिवाने ऐकला. बसली ती नाही. बसली तिची आई, माझी धाकटी बहीण कोनादू. कोनादू टोमॅटोच्या ओळीत वाढली आणि तिथेच म्हातारी होते आहे. तिचा आवाज तीन ओळी पलीकडे ऐकू जातो.

"दादा, तू मामा आहेस ना? मग बोल."

"काय बोलू?"

"हेच! काय बोलू म्हणून विचारू नकोस. बोल! पोरगी इंजिनियर झाली आणि मॅगझिनमध्ये डबे ठोकून घेते. लोक मला विचारतात, तुझी मुलगी भांडी विकते का?"

"आई, मला इथंच..." तिवाने सुरुवात केली.

"तुला कोण विचारतंय? मी माझ्या भावाशी बोलतेय. दादा, ऐक. ईस्टरपर्यंत कापडाची ओळ तिची झाली, तर राहू दे तिला इथं. नाही झाली, तर ईस्टरच्या सोमवारी ती अक्राच्या गाडीत बसणार. कबूल?"

"कबूल," तिवा म्हणाली.

"दादा, कबूल?"

मी मान हलवली. खरं सांगायचं तर मला दोन्ही बाजू पटत होत्या. मला नेहमीच दोन्ही बाजू पटतात, आणि म्हणून मी कुणाच्याच उपयोगी पडत नाही.

राणीबाईंकडे जायचं म्हणजे थेट बोलता येत नाही. आपलं म्हणणं आपल्या वडीलधाऱ्याच्या तोंडून जातं, त्यांचं त्यांच्या पोकुआबाईच्या तोंडून येतं. तिवाच्या वतीने मी बोलायचं असं ठरलं. दुसरं कुणी नव्हतंच. त्या सकाळी मी आरशासमोर चार वाक्यं म्हणून पाहिली. त्यातली दोन मला बाजाराच्या फाटकापाशीच आठवेनाशी झाली.

राणीबाईंच्या दुकानापुढे ओळीतल्या जाणत्या बायका बाकांवर बसल्या होत्या. मागे छतापर्यंत तागे रचलेले. लान्तेने आणि आम्ही रीतीप्रमाणे जिनच्या बाटल्या पुढे ठेवल्या. बिरागो राणीबाई जाड, शांत बाई. डोळे अर्धे मिटलेले. पण पापण्यांखालून त्या कोण कोणाकडे बघतंय ते बघत होत्या.

आधी लान्ते बोलला. त्याच्याही बाजूने एक म्हातारे गृहस्थ होते आणि ते माझ्यापेक्षा कितीतरी छान बोलत. टॅब फुकट आहे, हलका आहे, बिघडला तर नवा मिळेल.

"त्याला विचार," राणीबाई पोकुआला म्हणाल्या, "आणि वरचं काय?"

पोकुआने विचारलं. लान्ते हसला. "आई, मुळात फुकट. फुकटाच्या वर काय देऊ?"

बायका खो खो हसल्या. एक म्हणाली, "अहो, फुकट म्हणजे वरचंच वरचं, खाली काहीच नाही!"

लान्तेलाही हसू आलं, आणि हसता हसता त्याने आपला हुकमाचा पत्ता टाकला. साऱ्या ओळीत दिवसभर कोणी काय विकलं, किती विकलं, ते सगळं राणीबाईंना एका टॅबवर बसल्या जागी दिसेल.

बाकांवरचं हसू थांबलं. राणीबाईंचे डोळे पूर्ण उघडले. त्यांनी तो टॅब नीट पाहिला आणि मग त्या सावकाश आमच्याकडे वळल्या.

"पोकुआ, त्या मुलीला सांग. तिची पेटी मी पाहिली आहे. असाफोला जाऊन ठोकून पाहिली आहे. मला लोखंड आवडतं. काच मला आवडत नाही. साऱ्या ओळीला पेट्या घेऊ. तिने सांगितलेल्या भावाने. आणि माझं वरचं एवढंच: या मुलाची पाटी जे दाखवणार, ते तिच्या पेट्यांनी मला दाखवावं. विचार, जमेल का."

पोकुआने विचारलं. मला वाटतं, तिवाने कधी ऐकला नसेल एवढा मोठा सौदा तो होता. साऱ्या ओळीला पेट्या. करायला अवघडही नव्हतं. ती पेट्यांना पेट्यांशी बोलायला एका आठवड्यात शिकवू शकली असती, हे तिनेच मला मागे सांगितलं होतं. कोनादू जरा दूर, माणसांच्या कडेला उभी होती. तिने दोन्ही हात छातीशी धरले.

तिवा माझ्या कानाशी आली. "नाही म्हणा, मामा."

"नाही?"

"एका बाईची विक्री ही त्या बाईची. मी ती दुसऱ्या कुणाला दाखवणार नाही. राणीबाईंनाही नाही."

"गोड करून सांगू का? विचार करतो, थोडा वेळ द्या, असं..."

"नको. विचार करतो म्हटलं तर त्या हो समजतील."

बोलणाऱ्या माणसाचं कसब गोड करण्यातच असतं. कडू निरोप मधात बुडवून द्यायचा, म्हणून तर मध्ये वडीलधारं माणूस ठेवतात. आणि मला खरोखर त्या क्षणी वाटलं की थोडं बुडवलं तर काय बिघडतं? पोर इथं राहील, बहीण खूश होईल, पुढचं पुढं. मी उठून उभा राहिलो. वरचं नाकारणं म्हणजे आमच्याकडे तोंडावर दार लावणं. बाजारात तसं कुणी करताना मी पाहिलेलं नाही.

"राणीबाई," मी म्हणालो, आणि आवाज अगदी लहान निघाला म्हणून पुन्हा म्हणालो, "राणीबाई, माझी भाची म्हणते, नाही. भाव कमी करा म्हणालात तर करेल. दुसरं काही मागा, देईल. पण एकीची विक्री दुसरीला दाखवणार नाही." मग कसं कोण जाणे, मी माझं एक वाक्य घातलं. "पेटीला कुलूप आहे ते शोभेसाठी नाही."

कुठेतरी एक तागा घसरून पडला, तो उचलायलाही कुणी वाकलं नाही. राणीबाईंनी पोकुआला हाताने थांबवलं आणि रीत सोडून त्या माझ्याशीच बोलल्या.

"म्हातारबा, या ओळीची राणी कोण?"

"आपण."

"मग?"

मला सुचलं ते हे: "मी ग्रंथालयात होतो. कोण कुठलं पुस्तक नेतो ते मला माहीत असायचं. कुलगुरूंनी विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं."

खरं म्हणजे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. पण ते मी बोललो नाही.

"काचच घ्या," राणीबाई पोकुआला म्हणाल्या आणि त्यांनी डोळे पुन्हा अर्धे मिटले.

बाहेर आल्यावर कोनादूला रडावं की ओरडावं कळेना. "साठ-सत्तर वर्षं गप्प बसलास, दादा. नाही म्हणायला तुला हीच वेळ सापडली?"

"तिने सांगितलं ते मी..."

"आयुष्यात कुणाचं काही इतकं नीट सांगितलं नाहीस!"

तिवा मात्र माझा हात धरून चालत होती. आंबवलेल्या मक्याचं केन्की विकणाऱ्या बाईपाशी आम्ही थांबलो, तेव्हा ती म्हणाली, "मामा, भूक लागली." मासळी आणि मिरचीबरोबर तिने भरपूर केन्की खाल्लं. मला मात्र आपण चुकीच्या वेळी खरं बोललो असं रात्रंदिवस वाटत राहिलं, आणि त्याच्याही खाली, अगदी तळाशी, थोडा अभिमान वाटत होता. त्याचीही मला लाज वाटली.

कापडाच्या ओळीत टॅब आले. तिवाने अक्राच्या नोकरीचा कागद सही करून कपाटावर ठेवला, आणि कोनादूने तिची बॅग काढून झटकली.

आठवडाभराने मॅगझिनमधून बाफोचा फोन. "इथं एक बाई आलीये. म्हणते, भात शिजवायचं पातेलं बनवा. मी म्हटलं, केवढं? तर म्हणते, ज्यात कुलूप आहे तेवढं. पाठवू का परत, की तुम्ही येता?"

आम्ही गेलो. ती कापडाच्या ओळीतली सेरवा होती. डोक्यावरून फडका ओढून, भट्टीच्या धुरात, दोन जुन्या ट्रकच्या मध्ये उभी.

"मावशी, तुम्हाला तर टॅब मिळाला ना?" तिवाने विचारलं.

"मिळाला की. त्याच्यावर मी पोरांना फोटो दाखवते." सेरवाने इकडेतिकडे पाहिलं. "हे बघ, मी किती तागे विकते हे माझ्या बहिणीलाही ठाऊक नाही. विक्री चांगली दिसली की ओळीची वर्गणी वाढते, वाईट दिसली की घाऊकवाला उधार बंद करतो. तू भर सभेत राणीबाईंना नाही म्हणालीस. मला तुझी पेटी दे. पण पेटीसारखी दिसायला नको."

"मग कशासारखी?"

"बसायच्या बैठकीसारखी. बसलेल्या बाईला ऊठ म्हणून खाली काय आहे ते कोण बघतं?"

बाफोने हातातली हातोडी खाली ठेवली. त्याच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच आदर पाहिला, मात्र तो लगेच म्हणाला, "मी हेच सुचवणार होतो."

तशी बैठक तयार झाली. वरचा भाग आमच्या लाकडी आसनांसारखा मध्ये खोलगट, पत्र्याला गुळगुळीत लाकूड जोडलेलं. गरम हवा जायला भोकं हवीत, ती बाफोने नक्षी म्हणून पाडली. पडदा बाजूने खणासारखा बाहेर ओढायचा. सेरवा त्यावर बसून पाहून म्हणाली, "खालून जरा ऊब येते. माझ्या कंबरेला बरं आहे."

पुढच्या दिवसांत मॅगझिनमध्ये पातेल्यांची मागणी फार वाढली. कापडवाल्या बायका एकेकट्या, फडके ओढून येत. एकदा दोघी शेजारणी समोरासमोर आल्या. "तू इथं कशी गं?" "पातेलं. आणि तू?" "मलाही पातेलं." आणि मग दोघी कितीतरी वेळ हसत राहिल्या. तिवाला हाताशी माणसं कमी पडू लागली. तंत्रविद्यालयातून तिने आणखी मुलं-मुली घेतल्या, माझी मधली खोलीही गेली, आणि माझी पुस्तकं व्हरांड्यात आली. बाफोने शेजारचं शेड भाड्याने घेतलं.

कोनादू मात्र हटेना. "चोरून घेतलेली बैठक म्हणजे ओळ मिळाली असं नाही. राणीबाई नाही म्हणाल्यात. उद्या त्यांना कळलं तर सगळ्या बैठका रस्त्यावर. बोलणं काय झालं होतं, दादा?"

"ओळ तिची झाली तर," मी म्हणालो.

"झाली?"

"नाही."

तिचं म्हणणं बरोबरच होतं. तिवाने वाद घातला नाही. बॅगेत कपडे भरायला तिने सुरुवात केली.

ईस्टरच्या आदल्या आठवड्यात लान्ते घरी आला. बिचारा घामाघूम. "तिवा, मला काही समजत नाही. आमच्या आकड्यांप्रमाणे केजेटियात गेल्या महिन्यात कापड विकलंच गेलेलं नाही. मुख्य कचेरीतून विचारताहेत, कुमासीचे लोक नेसतात तरी काय?"

तिवाने त्याला पाणी दिलं. त्याने खोलीत चाललेल्या कामाकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या बैठकीकडे पाहिलं. मग हळूच त्यावर बसला, आणि खालून ऊब लागल्यावर एकदम उठला.

"अस्सं," तो म्हणाला. पुढे तो बराच वेळ हसला. मला तो तेव्हापासून आवडतो.

जे त्याला दिसत नव्हतं ते राणीबाईंनाही दिसत नव्हतं. त्यांच्या टॅबवर सारी ओळ झोपलेली, आणि डोळ्यांसमोर तर पोरी डोक्यावर गठ्ठे घेऊन धावताहेत, ईस्टरची गर्दी, सणाला नेसायच्या पांढऱ्या कापडाला उसंत नाही. गुड फ्रायडेच्या आधीच्या दिवशी त्या उठल्या आणि ओळीतून चालत निघाल्या. हे त्या वर्षातून एखाद्या वेळीच करतात. सेरवाने कुणालातरी फोन केला, त्याने बाफोला, बाफोने आम्हाला. आम्ही धावत पोचलो तेव्हा राणीबाई ओळीच्या मध्यावर होत्या आणि त्यांच्या मागे सगळा बाजार गोळा झाला होता. कोनादू टोमॅटो टाकून आली होती.

डावीकडे बाई, उजवीकडे बाई, प्रत्येक बाई बसलेली. एकीनेही उठून नमस्कार केला नव्हता. उठली असती तर हिरवा दिवा दिसला असता.

"आज सगळ्यांचे गुडघे दुखतात वाटतं," राणीबाई म्हणाल्या.

त्या सेरवासमोर थांबल्या. "ऊठ."

सेरवा उठली. राणीबाईंनी बैठकीला टिचकी मारली. मग वाकून, कंबरेवर हात ठेवून, भोकांच्या नक्षीतून आत पाहिलं. त्यांनी तिवाला गर्दीतून शोधून काढलं आणि पोकुआला खूण केली. मी पुढे झालो.

"विचार तिला," पोकुआमार्फत प्रश्न आला, "ही बैठक शेजारच्या बैठकीशी बोलते का?"

"नाही," तिवाने सांगितलं आणि मी म्हणालो.

"जिने बनवली तिला तरी आतलं दिसतं का?"

"नाही. किल्ली जिची तिचीच."

"आणि मी घेतली, तर माझं या बायकांना दिसेल का?"

इथं तिवाने माझ्याकडे पाहिलं आणि मला तिचं सांगणं ऐकावं लागलं नाही. "नाही, राणीबाई," मी म्हणालो. "आपलंही कुणाला दिसणार नाही."

राणीबाईंनी ओळीकडे पाहिलं. सेरवा उभी, बाकीच्या बसलेल्या, सगळ्यांचे डोळे जमिनीवर. मला वाटतं, त्यांच्याही दुकानात असं काही असेल जे ओळीला कळू नये. पण हा माझा तर्क. त्यांनी सेरवाला बाजूला सारलं आणि स्वतः त्या बैठकीवर बसल्या. थोडं हलून पाहिलं.

"बुटकी आहे," त्या म्हणाल्या, आणि या वेळी पोकुआची वाट पाहिली नाही. "मी या उंचीवर बसले तर ओळीत राणी कोण, हे नव्या गिऱ्हाइकाला कसं कळणार? मला वीतभर उंच हवी. आणि त्या मुलाच्या काचा त्याला परत करा. पोरं त्यावर बिस्किटं ठेवतात."

आधी सेरवा ओरडली, मग सगळी ओळ. आमच्या बायका आनंदाने ओरडतात तेव्हा छपराचे पत्रे वाजतात. बाफो गर्दीतून वाट काढत पुढे आला, खिशातून टेप काढून राणीबाईंच्या गुडघ्यापासून जमिनीपर्यंत माप घेऊ लागला आणि साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला की नक्षी त्याने आधीच डोक्यात ठरवून ठेवली आहे. तिवा तशीच उभी होती. मी तिचा हात धरला, कारण तिला आधार हवा असेल असं मला वाटलं. हवा होता मला.

संध्याकाळी कोनादू घरी आली. बॅग दारातच होती, अर्धी भरलेली. तिने ती पायाने बाजूला केली आणि माझ्या खुर्चीत बसली.

"दादा, तुझा शब्द?"

"राहू दे तिला," मी म्हणालो. या वेळी आवाज पहिल्याच खेपेला नीट निघाला.

"बरं." कोनादू इतक्या लवकर कबूल झाली की मला भीती वाटते. मग तिवाकडे वळून म्हणाली, "पण तुझ्या त्या बैठकीचा मला काय उपयोग? कापड पडून राहतं. माझा टोमॅटो तिसऱ्या दिवशी नासतो. नासणं कळतं का तुझ्या यंत्राला?"

तिवा उठली. तिने बॅग उघडली, कपड्यांच्या खालून आपला संगणक काढला, आईच्या पायाशी जमिनीवर बसली आणि म्हणाली, "सांग. कच्चा आला तर किती दिवस टिकतो? आणि गाडीत दबलेला?"

कोनादू सांगू लागली. ती दर वाक्याला मध्येच दुसरीकडे जाई आणि तिवा तिला परत टोमॅटोवर आणी. मी व्हरांड्यात जाऊन पुस्तकं भिंतीकडे आणखी थोडी सरकवली. टोमॅटोवाल्या बायका आल्या तर त्यांना बसायला जागा लागणार होती.